चित्रकलेत शून्य, तरी कोड लिहून चित्र करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात अकाउंट्सचं काम करते. गेली काही वर्षं रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास कोड लिहून चित्रं करते. ओळखीत ज्यांनी ज्यांनी ती पाहिली त्यांनी साधारण हेच प्रश्न विचारले, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

मला साधा आंबासुद्धा नीट काढता येत नाही. मला जमेल का?

जमेल. मलाही येत नाही. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं होतं, चित्रकलेच्या सरांनी वही बघितली आणि "तू गणिताकडे लक्ष दे" म्हणाले, त्यानंतर वीसेक वर्षं मी पेन्सिल हातात धरली ती फक्त बेरजांसाठी. ते वाक्य किती खोल बसलं होतं हे मला पहिलं चित्र स्क्रीनवर आलं तेव्हा कळलं. कोडने चित्र करताना रेघ सरळ यायला हात स्थिर लागत नाही, रेघ कम्प्युटर मारतो. रेघ कुठे हवी, किती हव्यात, कुठे थांबायचं, कोणता रंग शेजारी ठेवायचा हे मात्र तुम्हाला ठरवावं लागतं आणि ते हाताचं नाही, नजरेचं काम आहे. साडीला मॅचिंग ब्लाउज निवडताना, दारात रांगोळी कुठे शोभेल ते बघताना आपण हेच करत असतो.

म्हणजे नक्की करायचं काय असतं? माउसने काढायचं का?

नाही, माउस बाजूला. तुम्ही नियम लिहायचा, आणि त्या नियमाप्रमाणे चित्र उमटतं.

आपल्याकडे हे नवीन नाहीये. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आठवतोय का? आई तो गेरूच्या अंगणावर पसरायची, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की सगळे ठिपके एका मापात. तो कागद म्हणजे नियमच की, एकदा करून ठेवला की हजार वेळा वापरा, आणि त्याच ठिपक्यांत रोज वेगळी रांगोळी. माझे मामा सोलापुरात चादरीच्या जेकार्डसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम करायचे, आधी डिझाइन ग्राफ पेपरवर, मग चौकोन मोजत पंचिंग. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि अशा शेकडो पुठ्ठ्यांची माळ फिरली की चादरीवर नक्षी तयार. हा जेकार्ड माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला आला आणि पुढे कम्प्युटरला माहिती द्यायला जी पंच कार्डं वापरली त्यांची कल्पना याच भोकांवरून आली. घरात एका बाजूला उदबत्तीची भोकं आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची भोकं बघत मी वाढले, तरी "कोडने चित्र" ऐकल्यावर मला ते परकंच वाटलं होतं, हे आत्ता लिहितानासुद्धा नवल वाटतं.

काय काय लागेल? खर्च किती?

एक लॅपटॉप किंवा जुना पीसी, त्यात ब्राउझर, आणि इंटरनेट. खर्च शून्य. मी पी५ जेएस (p5.js) वापरते, म्हणजे कोड लिहून चित्र करायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच त्याचा एडिटर उघडतो, डावीकडे कोड लिहा, प्लेचं बटण दाबा, उजवीकडे चित्र. अकाउंट फक्त सेव्ह करायला लागतं.

याचं मूळ प्रोसेसिंग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत सुरू केलं, चित्रकार-डिझायनर लोकांना कोडिंग सोपं जावं म्हणून. लॉरेन ली मॅकार्थी यांनी त्याचाच वेबसाठीचा अवतार म्हणून पी५ केलं. म्हणजे हे बनवलंच आहे आपल्यासारख्यांसाठी, इंजिनियर नसलेल्यांसाठी. मोबाइलवरही उघडतं, पण महिरपी कंस शोधत बसण्यात जीव जातो, त्यामुळे कीबोर्ड असलेलं काहीतरी घ्या.

कोडिंगचा क्लास आधी लावू का?

नका लावू. निदान पहिला महिना तरी. क्लासमध्ये आधी व्हेरिएबल, मग डेटा टाइप, मग अजून काही, आणि चित्र येईपर्यंत उत्साह संपलेला. इथे उलटं करायचं, पहिल्या दिवशी एक गोल काढायचा. गोलासाठी तीन आकडे लागतात, डावीकडून किती, वरून किती, आणि व्यास किती. हो, वरून, खालून नाही, शाळेतल्या आलेखात वर गेलं की आकडा वाढतो आणि इथे खाली गेलं की वाढतो, पहिले दोन दिवस सगळ्यांचीच चित्रं उलटी येतात. मग तो आकडा बदला, परत प्ले, परत बदला. एक्सेलमध्ये फॉर्म्युला लिहिला असेल तर तुम्ही अर्धं शिकलेलाच आहात.

दोनच गोष्टी सुरुवातीला समजून घ्या. कोडचे दोन भाग असतात, सेटअप (setup) आणि ड्रॉ (draw), सेटअपमध्ये लिहिलेलं एकदाच होतं, ड्रॉमध्ये लिहिलेलं सेकंदाला साधारण ६० वेळा होतं. आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरात फरक पडतो, चित्रासाठी जागा उघडणाऱ्या क्रिएट कॅनव्हास (createCanvas) या कमांडमधला दुसरा सी कॅपिटल नसेल तर काहीच दिसणार नाही.

पहिलं खरं चित्र कोणतं करू?

ठिपक्यांची रांगोळी करा, "११ ते ६". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मधल्या ओळीत ११ ठिपके, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत १०, ९, ८, ७ आणि शेवटी ६, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध सरकलेली. एकूण ११ ओळी, ९१ ठिपके, आकार षटकोनी.

कोडमध्ये हे कसं? एक लूप (तीच कृती परत परत करून घेणारा कोड) ओळींसाठी, मधल्या ओळीला शून्य म्हणा, तर ओळी उणे ५ पासून ५ पर्यंत. त्या ओळीत ठिपके किती, तर ११ वजा ओळीचा नंबर (उणे चिन्ह सोडून). आत दुसरा लूप, तितके ठिपके मारायला. ओळ मधोमध यायला प्रत्येक ओळीची सुरुवात अर्ध्या अंतराने सरकवायची. आता एक गंमत, दोन ठिपक्यांत ५० पिक्सेल असतील तर दोन ओळींत ५० नाही ठेवायचे, ४३ ठेवायचे, नाहीतर षटकोन उभा ताणल्यासारखा दिसतो (०.८६६ ने गुणायचं, समभुज त्रिकोणाची उंची). आई अंगणात हे अंतर नजरेनेच ठेवायची, तिला कुणी ०.८६६ सांगितलं नव्हतं.

हे आलं की शेजारच्या ठिपक्यांना रेघांनी जोडा, मग काही रेघा गाळा. माझं तर यात दोन महिने मन रमलं होतं. आणि हा विषय बायकांच्या अंगणापुरता छोटा आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगते, मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोलमवर, म्हणजे तमिळनाडूच्या रांगोळीवर, कम्प्युटर सायन्सच्या अंगाने अभ्यास केला, रांगोळीचं व्याकरण कसं मांडायचं यावर शोधनिबंध लिहिले. दारातली रांगोळी हा तिथे खराखुरा संशोधनाचा विषय झाला.

माझं चित्र एकदम सरळ, मापात येतंय, पण जीव नाही वाटत. काय चुकतंय?

काही चुकत नाहीये, तुम्ही बरोबर ठिकाणी येऊन पोचलात. आता नियम थोडा मोडायचा.

जर्मनीत गेऑर्ग नीस नावाचे गृहस्थ होते, शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्राचं, नोकरी सीमेन्समध्ये. त्यांचं १९६८ च्या सुमाराचं "शॉटर" नावाचं चित्र आहे, शॉटर म्हणजे खडी. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरच्या ओळी फरशी बसवल्यासारख्या सरळ. खाली यावं तसे चौकोन जरा कलंडतात, जरा सरकतात, आणि तळाला पार विस्कटलेले, ट्रॉलीतून खडी ओतावी तसे. बघताना पोटात काहीतरी हलतं खरंच. आणि याचा नियम एका ओळीत मावतो: चौकोन किती कलंडवायचा तर ओळीचा नंबर गुणिले एक रँडम आकडा, जो कधी उणे येईल कधी अधिक. पहिली ओळ शून्य म्हणून तिथे कलंडणं शून्य, जसे खाली जाल तशी मोकळीक वाढत जाते. हे तुम्ही पी५ मध्ये संध्याकाळभरात करू शकता, आणि प्रत्येकाने एकदा करावंच असं माझं म्हणणं आहे, कारण चित्रातला ताण म्हणजे काय हे वाचून नाही कळत, आकडा फिरवून कळतं. मोकळीक कमी ठेवली तर काही घडतच नाही, जास्त ठेवली तर नुसता कचरा, आणि मध्ये कुठेतरी एक जागा असते तिथे नजर अडकते. ती जागा शोधणं हेच आपलं काम.

व्हेरा मोलनार यांनी आयुष्यभर हीच जागा शोधली. त्या बुडापेस्टच्या, १९२४ चा जन्म, पुढे पॅरिसला स्थायिक झाल्या. कम्प्युटर हाताशी नव्हता तेव्हाही त्या हाताने नियम पाळून चित्रं काढायच्या, जणू डोक्यात मशीन आहे असं समजून, आणि १९६८ मध्ये प्रत्यक्ष कम्प्युटरवर काम सुरू केलं. एकात एक बसवलेले चौकोन, आणि त्यातले काही किंचित थरथरलेले, इतकंच, पण मला तासन्‌तास बघवतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेल्या, नव्व्याण्णव वर्षांच्या होत्या, शेवटपर्यंत काम करत होत्या. (त्या स्वतः कलाशिक्षण घेतलेल्या होत्या, नीस नव्हते, दोघंही एकाच रस्त्यावर भेटले.)

म्हणून ११ ते ६ घ्या आणि प्रत्येक ठिपका एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे सरकवा. लगेच हाताने काढल्यासारखं वाटायला लागेल. मग दहा पिक्सेल करून बघा.

रँडम आणि नॉइज यात फरक काय? दोन्ही तर आकडेच देतात.

रँडम म्हणजे दर वेळी फासा टाकणं, आधीच्या आकड्याशी संबंध नाही. नॉइज म्हणजे सह्याद्रीची रांग, चढ-उतार आहेत पण एका पावलात कडा नाही, शेजारचा आकडा शेजारच्याला धरून असतो. नॉइज केन पर्लिन यांनी १९८३ मध्ये तयार केलं, सिनेमातली कम्प्युटरची चित्रं फार गुळगुळीत, यंत्रासारखी दिसायची म्हणून, आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ढग, पाणी, वाऱ्याने हललेलं गवत, डोंगर असं काही हवं असेल तर नॉइज. खडी, पाऊस, चांदण्या हव्या असतील तर रँडम.

चित्र सारखं थरथरतंय, आणि मघाशी एक इतकं सुंदर आलं होतं ते परत येतच नाहीये!

हे दुःख मला माहितीये. थरथरतंय कारण ड्रॉ सेकंदाला ६० वेळा चालतंय आणि दर वेळी नवीन रँडम आकडे घेतंय, सेटअपमध्ये नो लूप (noLoop) ही कमांड लिहा, थांबेल.

हरवलेलं परत आणायला रँडम सीड वापरा. सीडला एक आकडा द्यायचा, समजा ४२७, की रँडम आकड्यांची तीच माळ दर वेळी येते, तेच चित्र परत येतं. ४२८ दिला की दुसरं चित्र. (नॉइजसाठी नॉइज सीड वेगळं.) माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे, तिच्यात तारीख, सीडचा आकडा आणि पुढे दोन शब्द, "खाली गर्दी", "हे आवडलं", "निळा जास्त". ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, मी तीन महिन्यांनी लावली आणि त्या तीन महिन्यांतलं एकही चित्र आज माझ्याकडे नाही.

गणित किती लागतं?

बेरीज, गुणाकार, भागाकार आणि अंश. आठ पाकळ्यांचं फूल हवं तर ३६० भागिले ८, म्हणजे ४५, एक पाकळी काढा, कागद ४५ अंश फिरवा, परत तीच पाकळी. पी५ आपणहून रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप) धरतं, त्याला आधी सांगावं लागतं की मी अंशात बोलतेय, नाहीतर पाकळ्या भलतीकडेच जातात. साइन-कोसाइन पुढे येईल पण तोवर तुम्हाला ते हवंहवंसं वाटेल, कारण गोलाकार काहीही ठेवायचं तर त्याशिवाय अडतं. दहावीत मला साइन कशासाठी आहे हे कळलं नव्हतं, लाटेसारखी हलणारी रेघ पाहिली आणि कळलं.

मराठीत करता येतं का काही?

हो! आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. पी५ चा कोड जावास्क्रिप्ट या भाषेत लिहितात, आणि तिच्यात व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा ज्या नावाने साठवून ठेवतो त्याचं, नाव देवनागरीत चालतं. "ठिपके", "अंतर", "पाकळ्या" अशी नावं दिली तरी कोड चालतो, मी माझ्या भाचीला असंच शिकवलं, तिचं मन लगेच बसलं. फक्त आकडे इंग्रजी लिपीतलेच लागतात, देवनागरी ११ लिहिलं तर एरर. आणि कमांड अर्थातच इंग्रजीत.

अक्षरं चित्रात वापरायची असतील तर टेक्स्ट कमांडला मराठी शब्द द्या, कम्प्युटरमध्ये देवनागरी फॉन्ट असला की जोडाक्षरं नीट दिसतात. पण शब्दाचे तुकडे करायला गेलात की घोटाळा. "सोलापूर" ही आपल्या दृष्टीने चार अक्षरं, सो ला पू र. साध्या पद्धतीने तोडलं तर सात तुकडे होतात, कारण मात्रा, काना, उकार सगळे सुटे पडतात आणि तो काना एकटाच ठिपक्यांच्या गोलावर लटकून बसतो. त्यासाठी ब्राउझरमध्येच सेगमेंटर नावाची सोय आहे, ती काना-मात्रा अक्षरासोबत ठेवून तोडते. मला हे सापडायला आठवडा लागला, तुमचा वाचावा.

पण ही "कला" म्हणायची का? कम्प्युटरनेच तर केलं.

हा वाद साठ वर्षं जुना आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत स्टुटगार्टला नीस यांची चित्रं लावली तेव्हा आलेले चित्रकार चिडले होते, तेव्हा माक्स बेन्झे या प्राध्यापकांनी "ही कृत्रिम कला आहे" असा शब्द काढून त्यांना शांत करायचा प्रयत्न केला. त्याच सुमाराला अमेरिकेत बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मायकल नॉल यांनी एक प्रयोग केला, मोंद्रियान या चित्रकाराचं १९१७ चं छोट्या रेघांचं चित्र घेतलं, तसंच एक कम्प्युटरकडून करून घेतलं आणि १०० लोकांना शेजारी ठेवून दाखवलं. कम्प्युटरचं कोणतं हे फक्त २८ जणांना बरोबर ओळखता आलं, आणि ५९ जणांना कम्प्युटरचंच जास्त आवडलं.

माझं मत विचाराल तर, ५० सीडची ५० चित्रं समोर असतात आणि त्यातली ४७ मी फेकते. कम्प्युटरला त्या ५० मध्ये काहीच फरक नाही, मला आहे. तो फरक जिथून येतो ते माझं आहे.

आता एआयला सांगितलं की चित्र मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला?

मला चित्र "मिळवायचं" नाहीये, करायचंय. माझ्या चित्रातली एकेक रेघ तिथे का आहे हे मी सांगू शकते, आणि एक आकडा बदलला की काय होईल हेही. चॅटला कोडचा एरर विचारायला हरकत नाही, मीही विचारते, रात्री अकराला दुसरं कुणाला विचारणार. पण पूर्ण स्केच, म्हणजे एका चित्राचा सगळा कोड, त्याच्याकडून लिहून घेतलंत तर निदान प्रत्येक आकडा स्वतः बदलून बघा, नाहीतर हाती काही लागत नाही.

दुसऱ्याचा कोड घेतला तर चालतो का?

शिकायला घ्या, लायसन्स वाचा, ज्याचा घेतला त्याचं नाव लिहा. आणि स्वतःचं म्हणून दाखवू नका. इतकंच.

प्रिंट काढायची असेल तर?

स्क्रीनवर ४०० बाय ४०० चं चित्र झकास दिसतं आणि प्रिंटला फुटतं. ए३ ची चांगली प्रिंट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) हवी तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, ए४ ला २४८० बाय ३५०८. म्हणून सुरुवातीपासून मापं थेट आकड्यात लिहू नका, रुंदीचा अमुक भाग असं लिहा, म्हणजे कॅनव्हास मोठा केला की सगळं त्याच प्रमाणात मोठं होतं. पिक्सेल डेन्सिटी (pixelDensity) १ करा, म्हणजे फाइल नेमकी तितक्याच पिक्सेलची निघते, सेव्ह कॅनव्हासने पीएनजी काढा. दुकानात चकचकीत कागद पुढे करतात, मला मॅट बरा वाटतो, बारीक रेघा त्यावर जास्त शांत दिसतात. स्क्रीनवरचा भडक निळा-हिरवा कागदावर उतरत नाही, आधी छोटी प्रिंट काढून बघा.

यात पैसे मिळतात का?

काहींना मिळाले. टायलर हॉब्ज यांची "फिडेन्झा" ही २०२१ मधली ९९९ चित्रांची मालिका, एकाच कोडमधून निघालेली, एनएफटीच्या, म्हणजे डिजिटल चित्राची मालकी ऑनलाइन नोंदवून विकायच्या, लाटेत प्रचंड किमतीला गेली. ती लाट ओसरली. मी एकही चित्र विकलेलं नाही, दिवाळीला चार जणांना फ्रेम करून दिली.

सगळं केलं, पण पन्नासातलं कोणतं चांगलं तेच कळत नाही.

हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही खरंच सुरू केलंय. मी काय करते सांगते, सगळी छोटी छोटी करून एका पानावर प्रिंट काढते आणि तो कागद फ्रिजवर लावते. दोन-तीन दिवस येताजाता, दूध काढताना, भाजी ठेवताना नजर जाते. ज्याच्यावर परत परत जाते त्याच्याभोवती पेनने गोल करते. गेल्या महिन्यात आई आली होती, मी काही सांगितलं नव्हतं, तिने कागद बघितला, ११ ते ६ ओळखली, आणि डावीकडच्या तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "इथे एक रेघ गाळ, म्हणजे मोकळं दिसेल." त्याच रात्री गाळली. सीड २१४, वहीत आहे.